नवरा म्हणतो, माझाच वकील दोघांचं बघेल

देवगड तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून ते थोडक्यात असं:

वय छत्तीस, लग्नाला अकरा वर्षं झाली, मुलगी नऊ वर्षांची. नवरा भांडुपला राहतो, खाजगी कंपनीत नोकरीला आहे. लग्नानंतर चार वर्षं ताई मुंबईत होत्या. मग सासू-सासऱ्यांना बघायला घरात माणूस हवं म्हणून नवऱ्याने त्यांना गावी पाठवलं. तो चतुर्थीला आणि मे महिन्यात येई. पुढे मे महिना बंद झाला, मग पैसे यायचे बंद झाले. मुंबईत त्याचं दुसरीकडे काही आहे असं कानावर आलं. विचारलं तर घरात बोलणी, टोमणे. एकदा सासूने स्वयंपाकघराला कुलूप घातलं. अडीच वर्षांपूर्वी मुलीला घेऊन ताई माहेरी आल्या. आता आई, दादा, वहिनी यांच्यासोबत राहतात, हंगामात कॅनिंगच्या कारखान्यात जातात, एरवी शिवणकाम करतात.

गेल्या महिन्यात नवऱ्याच्या वकिलाची नोटीस आली. सोबत संमतीने घटस्फोटाच्या अर्जाचा मसुदा: एकरकमी तीन लाख, मुलगी आईकडे, यापुढे कसलीही मागणी नाही. नवरा फोनवर सांगतो, माझाच वकील दोघांचं बघेल, तू फक्त वांद्र्याच्या कोर्टात येऊन सह्या कर. मामा म्हणतात, त्याला रडवील असा मुंबईचा वकील करू. त्या वकिलाने 'मिळेल त्यातले वीस टक्के' फी सांगितली आहे. दादाचा एक मित्र देवगडातच वकील आहे, पण त्याची कामं जमिनीची. सासरचे म्हणतात, कोर्ट कशाला, गावात बसून स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी करू. आई म्हणते, "लोक काय म्हणतले?" ताई विचारतात: चांगला वकील कसा ओळखायचा, किती वर्षं लागतील, आणि घटस्फोट द्यावा की देऊ नये?

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न अर्ध्या ओळीचा आहे आणि त्याच्या आधी चार पानं वकिलांची. मी त्या अर्ध्या ओळीपासून सुरुवात करते, कारण वकील कोणता हे तिच्यावर ठरणार आहे. पत्रात नवऱ्याला काय हवं, मामांना काय हवं, दादाला किती खर्च झेपेल, आईला कशाची धास्ती आहे, सगळं आलंय. तुम्हाला स्वतःला काय हवं ते मात्र कुठे सापडलं नाही. हा दोष देत नाही मी. अडीच वर्षं माहेरी काढलेल्या बाईला तिचं मत फारसं कोणी विचारत नाही आणि हळूहळू तीही स्वतःला विचारायचं सोडते. पण कोणताही बरा वकील पहिल्या भेटीत हेच विचारणार: "बाई, तुम्हाला यातून काय हवंय?" तेव्हा तुम्ही गप्प राहिलात तर उत्तर शेजारी बसलेले मामा देतील, आणि पुढची काही वर्षं त्यांच्या उत्तरावर तुमचा दावा चालेल.

नोटीस आली म्हणजे आता घटस्फोट होणारच, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नाही. नोटीस म्हणजे एका वकिलाने लिहिलेलं पत्र. अजून कोर्टात काहीही दाखल नाही. आणि संमतीचा घटस्फोट तुमच्या संमतीशिवाय होऊच शकत नाही. तुम्ही सही केली नाहीत तर नवऱ्याला हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३ खाली कारण दाखवून, पुराव्यानिशी दावा चालवावा लागेल, आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून त्याच्या हाती फारसं काही दिसत नाही. म्हणून तर फोनवरचा आवाज इतका गोड आहे. घाई त्याला आहे, तुम्हाला नाही. बोलणी करताना हे विसरू नका.

एक धोका मात्र आहे. सलग दोन वर्षं जोडीदाराला सोडून राहणं, म्हणजे परित्याग, हे घटस्फोटाचं एक कारण आहे, आणि तुम्हाला माहेरी येऊन अडीच वर्षं झाली. "बायको विनाकारण घर सोडून गेली, बोलावलं तरी आली नाही," असा दावा उद्या येऊ शकतो. म्हणून नोटिशीला लेखी उत्तर गेलं पाहिजे, आणि त्यात तुम्ही का निघालात ते साध्या शब्दांत आलं पाहिजे: पैसे कधी बंद झाले, कुलूप कधी लागलं, किती वेळा निरोप धाडला, त्याने काय उत्तर दिलं. उत्तर दिलं नाही म्हणून लगेच आभाळ कोसळत नाही, पण तुमचं गप्प राहणं पुढे तुमच्याच विरुद्ध दाखवलं जातं.

आता तुमच्या पत्रात कोणीच न मांडलेली गोष्ट. पोटगीसाठी घटस्फोट घ्यावा लागत नाही. पूर्वी ज्याला सगळे 'एकशेपंचवीस' म्हणायचे, तो अर्ज १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो. तो तुम्ही राहता तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येतो, म्हणजे तुमच्यासाठी देवगडलाच. स्वतःसाठीही आणि मुलीसाठीही. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आहे, त्यात मारहाणीइतकंच पैसे तोडणं, घरातून हुसकणं हेही येतं, आणि सासरच्या घरात राहण्याचा हक्कही मागता येतो. लग्न न मोडता नुसती पोटगी घेऊन राहणाऱ्या बायका आपल्याकडे गावोगाव आहेत. काहींना ते बरं वाटतं, काहींच्या पायात तो काटा होऊन बसतो. तुमचं तुम्ही ठरवा. फक्त एक लक्षात असू द्या: लग्न कायम आहे तोवर तुम्ही त्याच्या वारस आहात, घटस्फोट झाला की नाही. मुलगी मात्र दोन्ही परिस्थितीत वारस राहते.

मुलीचं थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडे पगारापेक्षा जमीन मोठी असते आणि भांडणात तिचं नाव शेवटी निघतं. तुमच्या सासऱ्यांच्या नावे कलमबाग आहे आणि सातबारावर चुलत्यांची नावं आहेत, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. ती मिळकत वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाची असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीला तिच्यात मुलासारखाच जन्मापासून हक्क आहे. तुमचा घटस्फोट झाल्याने तो जात नाही. तुम्हाला सून म्हणून त्या बागेत वाटा मिळणार नाही, ही आशा कोणी दाखवत असेल तर सोडून द्या. पण मसुद्यात "मुलीच्या वतीनेही कोणताही हक्क राहिलेला नाही" असं वाक्य असेल तर त्यावर सही करू नका. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाच्या स्थावर मिळकतीचा हक्क आईने कोर्टाच्या परवानगीशिवाय सोडायचा नसतो.

मसुद्याच्या ज्या दोन पानांचे फोटो तुम्ही पाठवलेत त्यात असं वाक्य आहेच, पान दोनवर, तळाशी. त्याच्या वरच्या परिच्छेदात लिहिलंय की अर्जदार क्रमांक २ हिला, म्हणजे तुम्हाला, तिचं सर्व स्त्रीधन मिळालं असून काहीही येणं बाकी नाही. आणि पत्रात तुम्ही म्हणता की मंगळसूत्र सोडून सगळं सोनं सासूच्या कपाटात आहे. मग हे कोणी लिहिलं? ज्याला तुमच्याशी एक शब्द बोलायची गरज वाटली नाही त्याने. लग्नात तुम्हाला मिळालेले दागिने तुमचे आहेत. सासरी ठेवले म्हणून त्यांचे होत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगून ठेवलंय. आज रात्री आईला घेऊन बसा आणि यादी करा. कोणता दागिना, अंदाजे किती तोळे, कोणी घातला, लग्नाच्या फोटोत दिसतो का, सोनाराची पावती आहे का. आयांना हे बारकाव्याने आठवतं. लोकांच्या बोलण्याने धास्तावलेल्या आईला हातात हे काम मिळालं तर तिचंही मन थोडं रमेल.

तीन लाखांचा हिशोब करून बघा. मुलगी अठरा वर्षांची व्हायला नऊ वर्षं, म्हणजे एकशे आठ महिने. महिन्याला पावणेतीन हजारांच्या आसपास पडतात, तेही दोघींचे मिळून, शाळा, दवाखाना, कपडे धरून. रक्कम किती असावी ते मी सांगणार नाही. ते त्याच्या पगारावर, तुमच्या कमाईवर, मुलीच्या गरजांवर ठरतं. पण त्याचा पगार किती हे कळल्याशिवाय कुठल्याही आकड्याला हो म्हणू नका. पोटगीच्या अर्जात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा तसा आदेश आहे. खोटं लिहिलं तर अंगाशी येतं. संमतीच्या बोलण्यांतही तुमचा वकील म्हणू शकतो की आधी पगाराची स्लिप दाखवा, मग आकडा बोलू.

आता नवऱ्याचा वकील. संमतीच्या अर्जात दोघांचा मिळून एकच वकील हे कोर्टात सर्रास दिसतं. मूलबाळ नाही, देणंघेणं नाही, दोघं कमावतात, अशा जोडप्याचं त्यात काही बिघडत नाही. तुमचं तसं नाही. हा माणूस नवऱ्याकडून फी घेऊन बसलाय, त्याने तुम्हाला नोटीस पाठवलीय. एका पक्षाला सल्ला दिलेल्या वकिलाने त्याच प्रकरणात समोरच्या पक्षाचं काम घेऊ नये, असा बार कौन्सिलचा नियमच आहे. तो फसवेलच असं नाही, बरा माणूसही असेल. पण मसुद्यातल्या पान दोनवर बोट ठेवणं हे त्याचं काम नव्हे, आणि तुम्हाला नेमका तसं बोट ठेवणारा माणूस हवाय.

मामांचा वकील मी एका वाक्यात निकाली काढते: निकालावर टक्केवारी ठरवून फी घेणं वकिलाला नियमाने मनाई आहे, आणि जो पहिल्याच फोनवर स्वतःच्या व्यवसायाचा नियम मोडतो त्याच्या हाती मुलीचं भवितव्य देऊ नका. 'रडवणारा' वकील ही मामांची हौस आहे. राग त्यांचा खरा आहे, भाचीसाठी जीव तुटतो माणसाचा. पण नवरा रडला तर तुमच्या खात्यात काय जमा होणार? शिवाय असे वकील बहुधा पहिल्या दिवशी म्हणतात, आधी पोलिसात छळाची केस टाकू, मग बघा कसा गुडघ्यावर येतो. छळ झाला असेल तर ती तक्रार तुमचा हक्क आहे, जरूर करा, त्यात मागेपुढे पाहू नका. पण नुसता दाब म्हणून, न घडलेलं लिहून केलेली केस उलटतपासणीत तुमचंच खरं बोलणं खोटं पाडते. कुलुपाचा प्रसंग घडलाय ना? तो तसाच्या तसा सांगा. न घडलेली मारहाण त्याला जोडलीत तर कुलुपावरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

आणि मुंबईचाच वकील कशाला? तुम्ही धरलंय की नवरा मुंबईत, तर कोर्ट मुंबईतलं. पण घटस्फोटाचा अर्ज जिथे लग्न लागलं, जिथे समोरचा माणूस राहतो, जिथे दोघं शेवटचे एकत्र राहिले, यांपैकी कुठेही होतो, आणि २००३ च्या दुरुस्तीपासून बायको अर्ज करणार असेल तर ती जिथे राहते तिथेही. म्हणजे तुमच्यासाठी ओरोस, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचं ठिकाण. जिथे कौटुंबिक न्यायालय असतं तिथे ते, नाहीतर वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालय हे काम बघतं. नवऱ्याने आधीच वांद्र्याला दावा लावला, तर तो इकडे वर्ग करून मागता येतो आणि लहान मूल असलेल्या, बेताच्या कमाईच्या बाईची अडचण न्यायालयं सहसा समजून घेतात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या आपल्या दोन जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सुरू झालंय, तेव्हा वरच्या कोर्टाचं म्हटलं की मुंबई, हेही आता राहिलं नाही. संमतीचा अर्जसुद्धा ओरोसला करू असं सांगा. चतुर्थीला येतो तसा तारखेलाही येईल. तुतारी एक्स्प्रेस काय फक्त गणपतीत धावते?

वकील शोधायची माझी रीत अशी. एक दिवस कामाची सुट्टी टाका, कणकवलीला गाडी बदलून ओरोसला जा आणि कोर्टाच्या व्हरांड्यात अकरा ते दोन नुसत्या बसा. कोणी विचारत नाही. लग्नाच्या दाव्यांचं कामकाज बंद दाराआड चालतं, आत जाता येणार नाही, पण बघायचं ते बाहेरच असतं. भिंतीला त्या दिवसाचा बोर्ड लावलेला असतो, पट्टेवाला दारात येऊन नावं पुकारतो, पिशवीत कागद धरून बायका उभ्या असतात. तारीख पडली की एक वकील आतून बाहेर येतो, चालता चालता लांबूनच "पुढची बारा" म्हणतो आणि जिना उतरतो. ती बाई पट्टेवाल्याला विचारत राहते की आज झालं काय. दुसरा थांबतो. "समोरच्याने कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, दिली नाही, कोर्टाने शेवटची मुदत दिली, पुढच्या वेळी तुम्ही नाही आलात तरी चालेल, एसटीचे पैसे वाचवा," इतकं सांगतो आणि तिच्या फाइलच्या पुठ्ठ्यावर तारीख लिहून देतो. दुसऱ्याचं नाव विचारून घ्या. त्याची गाडी कोणती, ऑफिसात एसी आहे का, हे बघायचं कारण नाही.

मग भेटायला जाल तेव्हा एकट्या आत जा. दादाला बाहेर बसवा. रागावेल, पण बसवा. दादासमोर तुम्ही नवऱ्याबद्दल सगळं बोलणार नाही, आणि जे बोलणार नाही तेच नेमकं उलटतपासणीत निघेल. वकिलाला विचारायचं ते असं: अशी किती प्रकरणं या कोर्टात चालवलीत? तारखेला तुम्ही स्वतः उभे राहणार की ज्युनिअर? फी कोणत्या टप्प्याला किती, पावती मिळेल का, टायपिंग, नकला आणि झेरॉक्स यांचा खर्च त्यात धरलाय का? आणि सगळ्यात महत्त्वाचं: माझ्या बाजूत कच्चं काय आहे? याचं उत्तर 'काहीच नाही, शंभर टक्के जिंकू' असं आलं तर चहा पिऊन निघा. जो म्हणेल, "ताई, तुम्ही अडीच वर्षं काही लेखी केलं नाहीत हे अडचणीचं आहे, पण पासबुक आहे ना, त्यावरून पैसे कधी थांबले ते दाखवू," त्याच्याकडे परत जा. पहिल्या भेटीतच कोऱ्या कागदावर सह्या मागणाऱ्याकडे नको. वकीलपत्रावर सही लागते, ती वाचून करा.

तालुक्याच्या ठिकाणी आणखी एक विचारावं लागतं, जे मुंबईत लागत नसेल. इथे प्रत्येक वकिलाने कोणाच्या तरी भावकीचा दावा चालवलेला असतो. तुमच्या सासऱ्यांच्या बागेचा वाद कोणाकडे होता? त्यांच्या घरी चतुर्थीला कोण जेवायला जातं? सरळ विचारा, बरा वकील स्वतःच सांगून टाकतो. दादाच्या मित्राला जमिनीचा वकील म्हणून लगेच बाद करू नका. पुरावा कसा जोडायचा हे जमिनीचे दावे चालवणाऱ्यांना चांगलं कळतं. पण त्याने कौटुंबिक प्रकरणं चालवली नसतील तर मैत्रीखातर नको. मित्राला फी विचारायला संकोच वाटतो आणि काम अडलं तर जाब विचारायला त्याहून जास्त.

खर्चाचं तर तुम्ही उगाच मनावर घेतलंय. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. ओरोसला जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. साध्या अर्जावर काम होतं. माहितीसाठी १५१०० हा क्रमांक फुकट लागतो. 'फुकटचा वकील काय कामाचा' असं मामा म्हणतीलच. तिथे मिळणारे वकील सगळे सारखे नसतात, हे खरं. काही तारखा ढकलतात, काही तरुण मुली मात्र भरपूर फी घेणाऱ्यांपेक्षा जास्त तयारी करून उभ्या राहतात. पटलं नाही तर वकील बदलून मागता येतो. घटस्फोट आणि पोटगीच्या दाव्यांत महाराष्ट्रात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. आणि दावा चालू असताना अंतरिम पोटगी व दाव्याचा खर्च हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली नवऱ्याकडून मागता येतो. तो अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. शक्यतो हा शब्द मी घातलेला नाही, कायद्यातच आहे, आणि कोर्टं त्याचा भरपूर फायदा घेतात.

किती वर्षं लागतील? संमतीने असेल तर वर्षभराच्या आत. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, तुमचं ते केव्हाच झालं. पहिला अर्ज, मग सहा महिने थांबायचं, अठरा महिन्यांच्या आत दोघांनी परत येऊन सांगायचं की आमचं ठरलंय ते कायम आहे, मग हुकूमनामा. २०१७ च्या एका निकालापासून हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, पण दीड वर्ष वेगळं राहणं, समेटाचे प्रयत्न फसणं आणि पोटगी-मुलांचं सगळं मिटलेलं असणं या अटींवर. नवऱ्याचा वकील ही माफी मागेल. पैसे हाती पडल्याशिवाय तुम्ही त्याला हो म्हणू नका. रक्कम रोखीत घ्यायची नाही. पहिल्या अर्जाला काही भाग, उरलेली दुसऱ्या वेळी डिमांड ड्राफ्टने, हुकूमनाम्याआधी. आणि हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते. आज सही केली म्हणून अडकलात असं नाही.

भांडून असेल तर काही वर्षं धरा. दावा, समन्स, समुपदेशन किंवा मध्यस्थी, कैफियत, मुद्दे, सरतपास, उलटतपास, युक्तिवाद, निकाल. दावा सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न करावा असं कायद्यात लिहिलंय. व्हरांड्यातल्या कोणाही बाईला विचारा तिचा कितवा महिना चालू आहे. आपल्या दाव्याचा सीएनआर नंबर, म्हणजे कोर्टाने दिलेला ओळख क्रमांक, वकिलाकडून मागून ई-कोर्ट्स अॅपवर टाकला की पुढची तारीख आणि टप्पा स्वतःला बघता येतो. मुलीच्या वर्गातल्या कोणाचीही आई ते मोबाइलवर लावून देईल. आणि कोर्टाचं पाकीट घेऊन पोस्टमन आला तर घ्या. गावात लोक घाबरून 'घेत नाही' म्हणून परत पाठवतात. त्याने समन्स टळत नाही, बजावलं असंच धरतात, आणि मग तुमच्यामागे एकतर्फी निकाल होतो.

स्टॅम्पपेपरवरची सोडचिठ्ठी शंभराच्या कागदावर असो की पाचशेच्या, नोटरीच्या शिक्क्याने आणि गावच्या पाच माणसांच्या सह्यांनी हिंदू लग्न मोडत नाही. एखाद्या समाजात तशी जुनी रूढी सिद्ध झाली तरच कायदा ती मानतो, आणि ती सिद्ध करणं सोपं नाही. तो कागद नवऱ्याच्या एकाच उपयोगाचा आहे: उद्या दाखवायला की हिने सगळं सोडून दिलं होतं.

इतर वाचकांसाठी एवढंच, की हे सगळं हिंदू विवाह कायद्याचं झालं. नोंदणी विवाहाला १९५४ चा विशेष विवाह कायदा, ख्रिस्ती कुटुंबांना १८६९ चा, मुस्लिम स्त्रियांना १९३९ चा लागतो. आणि सावंतवाडी-दोडामार्गकडच्या ज्या मुली गोव्यात दिल्या आहेत आणि लग्नाची नोंद तिकडे झालीय, त्यांनी गोव्यातल्याच वकिलाला विचारावं. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो आणि मालमत्तेचं गणितच निराळं आहे.

आईच्या प्रश्नाला माझ्याकडे कायद्याचं उत्तर थोडंसं आहे. लग्नाच्या दाव्यांचं कामकाज बंद दाराआड चालतं आणि त्यातला मजकूर छापायला मनाई आहे, हे हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ आहे. गावातल्या गजालींना कलम नाही. पण अडीच वर्षं तुम्ही माहेरी आहात, लोकांनी म्हणायचं ते म्हणून झालंय, आणि त्यातल्या कोणी मुलीची फी भरलेली नाही. आईला हे मी म्हटलं असं सांगू नका, जरा कडक वाटेल.

या आठवड्यात एवढं करा: नोटिशीवरची तारीख आणि उत्तराची मुदत बघा, पासबुक भरून आणा, लग्नाची पत्रिका, फोटो, मुलीचा जन्मदाखला आणि शाळेच्या पावत्या एका फाइलीत लावा, त्याच्या कंपनीचं नाव आणि माहीत असेल तो बँक खात्याचा तपशील लिहून ठेवा. त्याचे मेसेज पुसू नका. त्याच्या मोबाइलचा किंवा ई-मेलचा पासवर्ड कोणाकडून मिळवायच्या भानगडीत पडू नका. मग ओरोस. नवऱ्याचा पुन्हा फोन आला तर "माझा वकील लेखी उत्तर देईल" इतकंच बोला, वकील अजून ठरला नसला तरी. मुलीशी बोलायचं असेल तर तिला फोन द्या, तेवढ्यासाठी अडवू नका. आणि मामांना वीस टक्क्यांचा नियम माझं नाव घेऊन सांगितलात तरी चालेल. माझ्यावर चिडतील, तुमच्यावर नाही.